प्रश्न विचारण्याची सनद कोणी द्यावयाची?

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. भोर-वेल्ह्याच्या मावळपट्टीतील अशा एखाद्या गावात काम करणाऱ्या समाजवादी कार्यकर्त्यापुढे, सामान्य मुसलमानाने उलेमांना प्रश्न विचारावेत की नाहीत, हा वाद ठेवला तर तो बहुधा खांदे उडवील. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, भाताचा भाव, रोजगार हमीची कामे, शाळेतला रिकामा वर्ग हे त्याचे रोजचे प्रश्न. मौलवी आणि मुसलमान यांच्यातील तंटा त्यांचा त्यांनी सोडवावा, आपण त्यात कशाला पडा, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. हा प्रामाणिकपणा मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की हा तंटा त्याच्या दारातलाच आहे. ज्याच्या जीवनाविषयी निर्णय होतो त्याला त्या निर्णयाचा जाब विचारता येतो की नाही, एवढाच या वादाचा मथितार्थ आहे. आणि समाजवादी चळवळीची सारी उभारणी याच एका प्रश्नावर झालेली आहे.

महाराष्ट्राने हा प्रश्न फार पूर्वी ऐकला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा सरकारच्या दारी गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्व नागरिकांना समान कायदा लागू करा, या त्यांच्या मागण्या. मोर्चे लाखांत मोजण्याची सवय लागलेल्या राजकारणाला सात ही संख्या हास्यास्पद वाटली असेल. परंतु त्या सातजणींनी जे केले ते त्यापूर्वी कोणी केले नव्हते. आपल्या संसाराचा निवाडा करणाऱ्यांपुढे त्या तक्रारदार म्हणून उभ्या राहिल्या, आणि धर्मपीठाला वळसा घालून त्यांनी थेट लोकशाही शासनाकडे दाद मागितली.

या मोर्चामागे होते हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा तरुण राष्ट्र सेवा दलात वाढला, समाजवादी चळवळीत आला, मराठीत कथा आणि ‘इंधन’सारखी कादंबरी लिहून गेला. २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. ‘सत्यशोधक’ हा शब्द सहज घेतलेला नव्हता. याच पुण्यात १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला होता. त्या समाजाच्या अनुयायांनी भटजीविना लग्ने लावली तेव्हा, जे विधी आपण केलेच नाहीत त्यांच्या दक्षिणेचा हक्क सांगत पुरोहित न्यायालयाच्या पायऱ्या चढले. धर्माच्या मध्यस्थाला लोकांची श्रद्धा हवी असतेच. पण त्या श्रद्धेवर उभा असलेला आपला अधिकार आणि आपले उत्पन्न त्याला अधिक प्रिय असते, हे त्या दाव्यांनी उघड केले. दलवाईंनी फुल्यांचा हा धागा उचलला आणि शंभर वर्षांनी तोच प्रश्न आपल्या समाजापुढे ठेवला. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. प्रश्न मात्र मागे राहिला.

त्यांना मिळालेले उत्तर आजही बदललेले नाही. ‘तुम्हांला अरबी येते काय? हदीस आणि फिक्ह यांचा अभ्यास आहे काय? नसेल तर तुम्हांला बोलण्याचा अधिकार नाही.’ या म्हणण्याची टर उडवून भागणार नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. इस्लामी धर्मशास्त्र हे शेकडो वर्षांच्या परिश्रमाने उभे राहिलेले शास्त्र आहे. ‘ठाऊक नसेल तर जाणकारांना विचारा’ या अर्थाचा आदेश कुराणात आहे, आणि उलेमा त्याचाच आधार देतात. आजाऱ्याने वैद्याचे ऐकावे, तसे सामान्याने आलिमाचे ऐकावे, अशी उपमाही ते जोडतात.

ही उपमा त्यांच्याच विरुद्ध जाते. आजारी माणूस वैद्याचे ऐकतो हे खरे. परंतु औषध कडू का, गुण का येत नाही, हे तो विचारतो. गुण न आल्यास तो वैद्य बदलतो. वैद्याचा हात चुकून माणूस दगावला तर त्याचे नातेवाईक न्यायालयात जातात, आणि ‘तुम्ही वैद्यकी शिकलात काय’ असे म्हणून न्यायाधीश त्यांना हाकलून देत नाही. वैद्याला ज्ञान असते, पण वेदना रोग्याला होते. दुखते कोठे, हे सांगण्याचा अधिकार वेदना ज्याची त्याचाच. जाणकाराला विचारा, या आदेशातही विचारणे हीच पहिली क्रिया आहे. विचारावे, परंतु उलट विचारू नये, ही पुस्ती कोणी जोडली?

कामगार चळवळीतील कोणालाही हा मुद्दा अधिक समजावून सांगावा लागू नये. गिरणीचा ताळेबंद वाचता न येणारा कामगार ‘माझी मजुरी का वाढत नाही’ असे विचारतो, तेव्हा मालक त्याला हेच ऐकवीत आला आहे की, अर्थशास्त्र तुला कळत नाही. अर्थशास्त्र त्याला कळत नसेल. उपाशी पोट कळते. जो निर्णय करतो त्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, आणि जो किंमत मोजतो त्याला निर्णयात वाटा नाही, अशा व्यवस्थेला गिरणीत शोषण म्हणतात. घरात आणि जमातीत तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्वत्तेतून येत नाही. तो परिणाम भोगण्यातून येतो.

तोंडी तलाकचेच उदाहरण घ्यावे. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक हे पाप आहे, परंतु तो लागू मात्र होतो, अशी भूमिका ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे घेतली. शास्त्राच्या दृष्टीने तिची संगती कदाचित लागतही असेल. परंतु कोणतीही निरक्षर बाई येथे एक साधा प्रश्न विचारील : पाप नवऱ्याने केले, मग घराबाहेर मी का? पापी माणसाला त्याच्या पापाचे फळ म्हणून हवी ती सुटका मिळते आणि निरपराध बाईला शिक्षा होते, हा कोणता न्याय? या प्रश्नासाठी अरबी व्याकरण लागत नाही. उत्तर देण्यासाठी मात्र सगळे व्याकरण अपुरे पडते.

बरे, प्रश्न विचारणे इस्लामच्या परंपरेला परके आहे काय? कुराणाच्या ५८ व्या सूरेचे नावच ‘अल-मुजादिला’ आहे. त्याचा अर्थ वाद घालणारी स्त्री. नवऱ्याने जुन्या अरबी रूढीचे वचन उच्चारून आपल्याला अधांतरी सोडले, ही तक्रार घेऊन खौला नावाची एक स्त्री प्रत्यक्ष पैगंबरांपुढे वाद घालते. तिची तक्रार ऐकली गेली आणि ती रूढी निषिद्ध ठरली, असे ही सूरा सांगते. खलिफा उमर यांनी मेहेरच्या रकमेवर मर्यादा घालण्याचे जाहीर केले तेव्हा एका साध्या स्त्रीने भर सभेत कुराणाचा आधार देऊन त्यांना अडविले आणि खलिफांनी आपली चूक कबूल केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्यांचा पंथ मानतात ते इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. खलिफाने देऊ केलेले न्यायाधीशपद त्यांनी नाकारले, त्यापायी तुरुंगवास भोगला. आणि आपले मत हे मतच आहे, कोणी अधिक चांगले आणील तर ते स्वीकारावे, अशी त्यांची वृत्ती त्यांच्या अनुयायांनीच नोंदविली आहे. त्यांच्या शिष्यांनी अनेक बाबतींत गुरूहून वेगळा निर्णय दिला, तरी त्यांना कोणी पंथाबाहेर काढले नाही. ज्या परंपरेचे आद्य पुरुष असे होते, तिचे आजचे वारस प्रश्नाला उद्धटपणा म्हणतात, तेव्हा परंपरा कोण मोडतो आहे?

प्रश्न विचारल्याने धर्म बुडतो, या भीतीलाही इतिहासाचा आधार नाही. ब्रिटिश अमदानीत हनफी मतानुसार मुसलमान स्त्रीला नवऱ्याच्या संमतीविना विवाहबंधनातून सुटणे जवळजवळ अशक्य होते. नवरा परागंदा झाला तर तो नव्वदीचा होईल इतकी वर्षे वाट पाहावी, असा दंडक होता. तेव्हा पंजाबातील काही स्त्रियांनी, धर्म सोडला की विवाह आपोआप संपतो या नियमाचा आधार घेतला आणि केवळ सुटकेसाठी धर्मांतर केले. या स्त्रिया आलिमा नव्हत्या. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. परंतु त्यांच्या कृतीने जो प्रश्न विचारला तो इतका धारदार होता की देवबंदी परंपरेतील थोर आलिम मौलाना अशरफ अली थानवी यांना आपले पूर्वीचे मत बाजूला ठेवावे लागले. त्यांनी मालिकी पंथाचे निर्णय आधाराला घेऊन स्त्रीच्या सुटकेचा मार्ग दाखविला, आणि त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. शास्त्र तेच, ग्रंथ तेच, पंडितही तेच. बदलली ती केवळ प्रश्नाची धार. आज मशिदीमशिदींतून अजान देणारा ध्वनिवर्धक एकेकाळी नमाजासाठी निषिद्ध ठरविला गेला होता, हेही विसरण्याजोगे नाही.

अगदी अलीकडचा दाखला पुण्याचाच आहे. मशिदीत स्त्रियांना नमाज पढू द्यावा, अशी मागणी घेऊन पुण्याचे एक मुसलमान दांपत्य २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यावर जानेवारी २०२० मध्ये पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले की, मशिदीत जाऊन नमाज पढण्यास इस्लाममध्ये स्त्रियांना मज्जाव नाही. मज्जाव नव्हता, तर मग इतक्या मशिदींतून बायकांना जागा का नव्हती? आणि हे सांगण्यासाठी एका सामान्य जोडप्याने दिल्लीचा उंबरठा झिजविण्याची वाट का पाहिली गेली? उत्तर उघड आहे. विचारणारे कोणी नव्हते, तोवर सांगण्याची गरज नव्हती.

मग सामान्य माणूस विचारीत का नाही? तो अज्ञानी आहे, श्रद्धाळू आहे, धर्मवेडा आहे, ही सुशिक्षितांची आवडती स्पष्टीकरणे. ती आळशीपणाची आहेत. तो विचारीत नाही, कारण विचारण्याची किंमत त्याला परवडत नाही. निकाह, दफन, मुलांची सोयरीक, मोहल्ल्यातील दुकानाची गिऱ्हाइकी, अडीअडचणीची उसनवारी हे सारे ज्या जमातीच्या हाती एकवटलेले आहे, तिच्याशी वैर धरणे म्हणजे जगण्याच्या साऱ्या बाजारपेठा एकाच वेळी बंद करून घेणे होय. मक्तेदारीपुढे गिऱ्हाईक मुकाट राहते, ते तिच्यावरील प्रेमामुळे नव्हे.

दाऊदी बोहरा समाजातील सुधारकांची कहाणी याचा रोकडा पुरावा आहे. असगर अली इंजिनिअर हे बोहरा धर्माधिकाऱ्याचे पुत्र. अरबी आणि कुराणभाष्य ते वडिलांकडे शिकले होते. ‘तुम्हांला शास्त्र कळत नाही’ हा दलवाईंवर झालेला आरोप त्यांच्यावर करण्याची सोयच नव्हती. तरीही सय्यदनांच्या अनिर्बंध सत्तेला आव्हान देताच त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या वाट्याला ‘बरात’, म्हणजे बहिष्कार, आलाच. न्यायमूर्ती नाथवानी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७९ साली आपल्या अहवालात या बहिष्काराने होणारी नागरी हक्कांची पायमल्ली मांडली. अज्ञानी विचारील तर त्याला सनद नाही, आणि ज्ञानी विचारील तर त्याला जमातीत जागा नाही! म्हणजे आक्षेप प्रश्नकर्त्याच्या पात्रतेला कधीच नव्हता. तो प्रश्नालाच होता.

कायद्याने या बाबतीत काय केले? मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. सय्यदनांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो धर्मस्वातंत्र्याच्या नावाने रद्द केला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा, म्हणून २०२३ मध्ये हा विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. धर्मपीठाचे स्वातंत्र्य आणि धर्मातील माणसाचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतंत्र भारताच्या कायद्याला इतक्या वर्षांनंतरही निःसंदिग्धपणे सांगता आलेले नाही.

या किंमतीचा सर्वांत करुण हिशेब शाहबानोच्या नावावर आहे. इंदूरच्या या वृद्धेला चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याने घराबाहेर काढले. न्यायदंडाधिकाऱ्याने तिला दरमहा २५ रुपये पोटगी दिली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या लेखणीतून, तो हक्क कायम केला. त्यानंतर देशभर जे वादळ उठले त्याच्या दडपणाखाली त्याच वर्षाच्या अखेरीस तिने स्वतःच जिंकलेला निकाल नाकारला. दरमहा पोटगी एवढीच तिची मागणी होती. ती मागण्याची किंमत मात्र तिला तिच्या समाजात राहण्याच्या अधिकाराने मोजावी लागली.

त्या वेळी पुरोगामी म्हणविणारे किती जण तिच्या बाजूला उभे राहिले? येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहावे. ‘ही वेळ नव्हे; बहुसंख्याकांचा जातीयवाद बळावत असताना अल्पसंख्य समाजातील दोष काढणे म्हणजे शत्रूच्या हाती शस्त्र देणे’, हा युक्तिवाद चळवळीच्या बैठकांतून वारंवार ऐकू येतो. पण ही वेळ १९६६ मध्ये नव्हती, १९८५ मध्ये नव्हती आणि आजही नाही. मग ती येणार केव्हा? शत्रूच्या हाती शस्त्र कोणी दिले, हे १९८६ ने दाखविले आहे. राजीव गांधींच्या सरकारने एका बाजूला पोटगीचा हक्क आखडणारा कायदा करून उलेमांना खूश केले, आणि त्याच वर्षी अयोध्येतील कुलूप उघडले गेले. दोन्ही बाजूंच्या धर्मधुरीणांना त्यांचा त्यांचा वाटा मिळाला. वाटणीत ज्यांना काही मिळाले नाही ते दोन्हीकडचे सामान्य लोक. जमातीचे प्रतिनिधी म्हणून केवळ धर्मगुरूंनाच ओळखावयाचे, हे धोरण अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे नव्हे. ते सामान्य मुसलमानाला त्याच्या धर्मगुरूच्या हवाली करण्याचे धोरण आहे.

दुसरीकडे, या प्रश्नाचा एकाएकी पुळका आलेल्या हिंदुत्ववाद्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना मुसलमान स्त्रीचा प्रश्न हवा असतो, मुसलमान स्त्री नको असते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातील तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला. जे वचन मुळात निष्प्रभ झाले ते उच्चारल्याबद्दल २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग ठेवला. कमावता हात कोठडीत गेल्यावर पोटगी कोणी द्यावयाची, याचे समाधानकारक उत्तर त्या कायद्यापाशी नाही. आणि बायकोला तलाकही न देता टाकून देणाऱ्या इतर धर्मीय नवऱ्यांना त्या कृत्यासाठी अशी कैद नाही. प्रश्न विचारणाऱ्याची सुटका व्हावी म्हणून विचारलेला प्रश्न आणि त्याच्या समाजाला खाली पाहावयास लावावे म्हणून विचारलेला प्रश्न यांतील फरक, ज्याला तो ऐकावा लागतो त्याला बरोबर कळतो. मोहल्ल्याला वेढा पडल्यासारखे वाटू लागले की आतला प्रश्नकर्ता फितूर ठरतो. म्हणून उलेमांच्या मक्तेदारीचा सर्वांत मोठा आधारस्तंभ आज कोणी असेल तर तो बाहेरून गर्जना करणारा जातीयवादी होय.

गावातील साधा मौलवी मात्र या मक्तेदारीचा मालक नव्हे. तुटपुंज्या पगारावर मुलांना कायदा शिकविणारा, विश्वस्तांच्या मर्जीवर जगणारा तो एक असंघटित कष्टकरी आहे. प्रश्नांना मुभा मिळाली तर त्याचीही जीभ थोडी मोकळी होईल. लढा माणसाशी नाही, जाबदारी नाकारणाऱ्या अधिकाराशी आहे.

दलवाईंचा मार्ग सर्वांना पटला नाही. धर्मनिरपेक्ष बुद्धिवादाच्या भूमीवरून ते बोलले आणि त्यांचे मंडळ लहानच राहिले. त्यांच्या पश्चात मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई यांनी ते नेटाने चालविले. २००७ साली स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने दुसरा मार्ग धरला. कुराण हाती घेऊनच प्रश्न विचारले, आणि हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात जाण्याचा स्त्रियांचा हक्क २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयातून परत मिळविला. कोणी धर्माबाहेर उभे राहून विचारील, कोणी धर्मात राहून. दोन्ही मार्ग रास्त आहेत. कोणता धरावयाचा हे विचारणाऱ्याने ठरवावे. समाजवादी कार्यकर्त्याने त्याच्या वतीने प्रश्न विचारू नयेत, आणि त्याला गप्प राहण्याचा सल्लाही देऊ नये. त्याचे काम एकच : प्रश्नाची किंमत कमी करणे. बहिष्कृताच्या दुकानातून मुद्दाम माल घेणे, टाकलेल्या बाईच्या पोटगीच्या अर्जासाठी तालुक्याच्या न्यायालयात तिच्याबरोबर बसणे, बहिष्काराची फिर्याद पोलिसांनी नोंदवून घ्यावी म्हणून ठाण मांडणे, तिच्या मुलांच्या शाळेची सोय पाहणे. ही कामे गाजणारी नाहीत. पण सात बायकांनंतर आठवी पुढे यावयाची असेल तर तिच्या मागे हीच कामे उभी असावी लागतील.

गुंजवण्याच्या कार्यकर्त्याला वाळीत टाकणे म्हणजे काय, हे कोणी शिकवावयास नको. पाणवठा, भावकी, सोयरीक यांच्या दोऱ्या कोणाच्या हाती असतात आणि त्या आवळल्या की माणसाचा आवाज कसा बसतो, हे मावळातील प्रत्येक गाव जाणते. जातपंचायतीपुढे मान खाली घालणारा धनगर, भावकीच्या धाकाने वडिलांच्या जमिनीतला हिस्सा न मागणारी बहीण आणि जमातीच्या भीतीने मौलवींना ‘का?’ न विचारणारी बाई ही एकाच कुटुंबातील माणसे आहेत. यांपैकी एकाला बोलण्याचा हक्क आहे आणि दुसऱ्याला तो नाही, असे ज्या दिवशी समाजवादी म्हणू लागेल, त्या दिवशी त्याच्यापाशी तिघांनाही सांगण्यासारखे काही उरणार नाही.